बिल्ला क्रमांक दोनशे चौदा

थोरला आरशासमोर उभा राहून पितळेचा बिल्ला शर्टाला लावून पाहत होता. आधी उजवीकडे, मग डावीकडे.

"कुठल्या बाजूला लावतात गं?"

"डावीकडे, दादा," धाकटी भावजय म्हणाली. अकरा वर्षं तिने तो रोज सकाळी स्वतःच्या एप्रनला लावला होता.

कुलपांच्या कारखान्यात ती रीतच होती. बिल्ला घरातल्या पुरुषाच्या नावाचा, कानस बाईच्या हातात. सासरे वारले तेव्हा बिल्ला थोरल्याच्या नावावर चढला. पण लोखंडाच्या किसाने त्याला खोकला यायचा, म्हणून नुकताच नवरा गेलेल्या धाकट्या भावजयीला कामावर धाडलं. मुकादमाला सगळं ठाऊक होतं. बाईची हजेरी पुरुषाच्या नावावर लागली की बाळंतपणाची रजा नको, तक्रारीचा कागद नको. कारखान्याची सोय झाली, घराची सोय झाली. गैरसोय झाली ती फक्त मेजापाशी उभं राहणारीची.

मग परदेशातून कुलपं आली. इथे नुसतं पितळ जेवढ्याला मिळायचं, तेवढ्यात तिथलं तयार कुलूप मिळू लागलं. वर्षाच्या आत कारखान्याच्या फाटकालाही कुलूप लागलं, तेही परदेशी.

बाहेरच्या मालामुळे ज्यांचं काम गेलं त्यांच्यासाठी सरकारने योजना काढली. बिल्ला दाखवायचा, हातचं काम करून दाखवायचं. मग वर्षभर यंत्रशाळेत शिक्षण, शिकेपर्यंत भत्ता. धाकटीने त्या शाळेच्या खिडकीतून एकदा आत डोकावून पाहिलं होतं. केसाच्या जाडीचा फरक मोजून धातू कापणारं यंत्र तिथे चालू होतं. तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

"मी जाऊ का, आई?" तिने सासूला विचारलं होतं.

"तुझं नाव आहे का पटावर? त्याला दोन दिवसांत काय ते शिकव, आणि गप्प बस."

तिने शिकवलं. पाय कसे रोवायचे, मूठ कशी धरायची. कोरी चावी दिव्याच्या काजळीवर धरायची, कुलपात घालून फिरवायची आणि जिथे खूण उमटेल तिथेच घासायची. सगळं खरं सांगितलं. एक गोष्ट तेवढी ठेवून घेतली. अकरा वर्षांत तो एकदा जरी कारखान्याच्या दारात उभा राहिला असता, तर ती सांगावी लागलीच नसती.

तपासणी जुन्या कारखान्यातच होती. पुढे बिल्ले लावलेले पुरुष बसले होते, मागे भिंतीला टेकून त्यांच्या घरच्या बायका. तपासनीस बाईंनी सहा लिव्हरचं कुलूप आणि कोरी चावी थोरल्यासमोर ठेवली. त्याने चावी पकडीत आवळली, पाय रोवले आणि कानस चालवली. पुढे, मागे, पुढे, मागे. करवतल्यासारखा कर्कश आवाज उठला.

"अहो, कानस आहे ती, घासणी नव्हे!" मागून ठोकेबाई ओरडली. कड्या ठोकून ठोकून तिला ते नाव पडलं होतं. बायका खुसखुसल्या.

"किती वर्षं करताय हे?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"अकरा."

"अशी चालवलीत तर कानस दुपारपर्यंत टिकायची नाही. ती पुढे जाताना कापते. मागे घेताना उचलायची, नाहीतर दाते मोडतात. पहिल्या दिवशी शिकवतात हे."

थोरला गर्रकन मागे वळला. "हे तू सांगितलं नाहीस मला!"

हसू जागच्या जागी थांबलं.

"यांनी का सांगायचं?" तपासनीस बाई शांतपणे म्हणाल्या.

धाकटी पुढे आली. तिने त्याच्या हातातून कानस काढून घेतली, नवी कोरी चावी लावली. काजळी धरली, फिरवली, खूण पाहिली. कानस पुढे गेली, उचलली, पुढे गेली. थोड्या वेळात कुलूप खटकन उघडलं.

"पटावर तुमचं नाव नाही," तपासनीस बाई म्हणाल्या. "जबाब दिलात तर मी वर पाठवीन. जागा मिळेलच असं सांगत नाही. पण यांच्यावर खोट्या अर्जाचा खटला होईल, हे नक्की. विचार करा. घरचे आहेत."

"धाकटे," थोरल्याचा आवाज चिरकला, "घराची अब्रू बघ. चुकून राहिलं असेल तुझ्याकडून सांगायचं. सांग ना त्यांना."

"चुकून नाही, दादा. सगळ्यांनी बघावं म्हणून ठेवलं होतं."

तिने त्याच्या शर्टावरचा बिल्ला काढून मेजावर ठेवला. "लिहा बाई. दोनशे चौदा. अकरा वर्षं. मी."

तिने जबाबावर सही केली. घरी सासू दार उघडेल की नाही, हे तिला माहीत नव्हतं. दार बंद असलं तर त्याचं कुलूप तिच्याच हातचं होतं.

मागे भिंतीशी हालचाल झाली. ठोकेबाई उठली होती. "माझाही घ्या, बाई. एकशे नव्वद." तिच्यामागे आणखी दोघी उठल्या, मग चौघी.

पुढच्या रांगेतल्या पुरुषांचे हात एकेक करून छातीवर गेले. बिल्ले झाकायला.

पण आकडे बायकांना पाठ होते.