मलप्पाची उंची

"टाचा टेकव," धम्मानंद सर म्हणाले.

मलप्पानं टाचा भिंतीला टेकवल्या, पण मान नकळत ताणली गेलीच. सरांनी त्याच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली, भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली आणि टेप खाली सोडला. एकशे बहात्तर सेंटीमीटर. त्यांनी परत एकदा मोजलं. आकडा तोच आला.

"किती भरलं, सर?"

"बहात्तर. जा, मॅच सुरू होतेय."

नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या मैदानावर कॉलेजांच्या व्हॉलीबॉल स्पर्धेची फायनल होती. धम्मानंद सर लातूरच्या एका कॉलेजात तीस वर्षं खेळ शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते. व्यावसायिक लीगमधल्या एका संघानं त्यांच्यावर इकडची पोरं हेरायचं काम सोपवलं होतं. प्रत्येक खेळाडूचा एक छापील फॉर्म. उंची, उडी, हात, आणि सगळ्यात खाली एक चौकोन : पुढे खेळू शकेल का. आज एकाच संघातल्या दोघांना बघायचं होतं. हदगावचा अंगद, सहा फूट चार इंच, नेटवर उडून चेंडू हाणणारा. आणि मुखेडचा मलप्पा, त्याला तो चेंडू उचलून देणारा सेटर.

खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात सर लिहायचे थांबले. इतरांच्या बोटांवर चेंडू आला की थप्प वाजायचा. मलप्पाच्या बोटांवर वाजतच नव्हता. कितीही वेडावाकडा आलेला चेंडू त्याच्या हातात क्षणभर शांत व्हायचा आणि हवा तिथं जायचा. एकदा त्यानं डावीकडं बघत बघत तो पाठीमागं असा सोडला, की समोरचे दोघं भलत्याच ठिकाणी उडाले आणि खाली येऊन एकमेकांकडं बघून हसले. मलप्पाच्या पाठीमागून येऊन अंगदनं तो सावकाश मारला. पोरांनी अंगदच्या नावानं मैदान डोक्यावर घेतलं.

तिसऱ्या सेटमध्ये मात्र समोरच्यांच्या लक्षात आलं. जागा बदलत मलप्पा नेटजवळ आला, की ते नेमके त्याच्या डोक्यावरून मारू लागले. तो दर वेळी जिवाच्या आकांतानं उडी घ्यायचा आणि दर वेळी चेंडू त्याच्या बोटांच्या चार अंगुळं वरून जायचा. सरांनी मोजले, सात गुण तसे गेले. इथं सातच गेले. लीगमध्ये समोर सगळेच अंगदएवढे असणार होते.

मॅच मलप्पा-अंगदच्या संघानंच जिंकली. सर पायरीवर बसले. अंगदचा फॉर्म भराभर भरून झाला. मलप्पाच्या फॉर्मवर 'हात' या शब्दापुढं त्यांनी लिहिलं, 'असे हात तीस वर्षांत पाहिले नाहीत.' खालच्या चौकोनापाशी ते बराच वेळ थांबले. मग तिथं 'नाही' लिहिलं.

तोंडावर पाणी मारून, खांद्याला बॅग लावून मलप्पा समोर येऊन उभा राहिला.

"सर, काय लिवलं?"

कळवतील, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण पोरगा सरळ डोळ्यांत बघत होता.

"नाही लिहिलंय. खेळात खोट काढायला जागा नाही, मलप्पा. उंचीनं मार खाल्ला."

"हाव." त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "गेल्या साली उदगीरला तुम्ही म्हणले होते, तू लीग खेळतोस बघ. म्हणून इचारलं."

सरांना आठवेना. उदगीरला ते गेले होते खरे. पण पाठीवर हात ठेवून असं ते कितीतरी पोरांना म्हणायचे. पोरांना हुरूप यायचा.

"मी म्हणालो होतो?"

"हाव. घरी बी सांगितलं मी. मग पोलीस भरतीचं ग्राउंड निघालं, नेमका तवाच विद्यापीठाचा व्हॉलीबॉलचा कॅम्प आला. मी कॅम्पला गेलो."

"आणि भरती?"

"हुकली. पुढची कवा निघंल, काय माहीत. पळायची तयारी करून राहिलो."

सरांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"मी तसं बोलायला नको होतं रे."

"तसं न्हाई, सर," मलप्पा घाईनं म्हणाला. "वर्ष लई चांगलं गेलं माझं."

मग त्यानंच विचारलं, "अंगदचं काय लिवलं?"

"त्याचं होईल."

मलप्पाचा चेहरा उजळला. मग तो पायरीवर सरांच्या शेजारीच टेकला.

"मंग एक लिवता का त्याच्या कागदावर? त्याला चेंडू नेटपासून हातभर लांब लागतो. जवळ दिला की नेटला हात लागंल, फाउल जाईल म्हणून तो भितो अन् जोर लावत न्हाई. पण सांगायचा न्हाई कुणाला. तिथल्या सेटरला माहीत पायजे."

फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता. सरांनी कागद उलटा केला आणि मांडीवर ठेवून कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं. मलप्पा वाकून बघत होता.

"हातभर नको, सर. दीड हात लिवा."

सरांनी खोडलं आणि दीड हात लिहिलं.

"कोणी सांगितलं म्हणून लिहू?"

"नाव कशाला, सर?" तो उठलाच. "चलतो, मुखेडची गाडी सुटंल."

गेटजवळ अंगदला पोरांनी गराडा घातला होता. एकेकजण त्याच्यासोबत फोटो काढून घेत होता. मलप्पानं रस्त्यावर जाऊन नांदेडकडं निघालेला ऑटो थांबवला. एक पाय आत, एक खाली ठेवून, ऑटोवाला खेकसत असतानाही, अंगद मोकळा होऊन येईपर्यंत त्यानं ऑटो धरून ठेवला.