पुढच्या दारांचे स्पीकर

बायको, शशिकला, गेल्यावर माणसं हळू बोलायला लागली, असं उदयसिंहला वाटत होतं. त्यात त्याला काही विचित्रही वाटलं नव्हतं. दुखवट्याच्या घरी कोण मोठ्यानं बोलतं? बाराव्यापर्यंत लोक येत होते, सतरंजीवर बसत होते, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते आणि हात जोडून उठत होते. तोही हात जोडत होता. काय बोलले ते कळलं नाही तरी अडत नव्हतं. अशा वेळी सगळे एकच तर बोलतात.

पण दिवाळी होऊन गेली तरी माणसं काही मोठ्यानं बोलेनात. पोस्टातला कारकून पुटपुटायचा, भाजीवाली पुटपुटायची. शेजारच्या कमळाबाई वाटीभर आमटी घेऊन दारात उभ्या राहायच्या आणि नुसते ओठ हलवायच्या. एकदा त्यानं त्यांना सांगितलं, वहिनी, आता बोला मोकळेपणानं, किती दिवस दुखवटा पाळायचा? कमळाबाईंचा चेहरा पडला. वाटी कठड्यावर ठेवून त्या गेल्या आणि पुढं बरेच दिवस आमटी आली नाही.

घरातल्या वस्तूंनीही तेच आरंभलं होतं. कुकर शिट्टी देईना. दोनदा डाळ करपली. त्यानं शिट्टी बदलली, रिंग बदलली, शेवटी कुकरच नवा आणला. दाराची बेल वाजेना म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्या माणसानं बेल दाबली, उदयसिंहकडं पाहिलं, परत दाबली, आणि नवी बसवून निघून गेला. बाईमाणूस गेलं की घर असं सगळ्या बाजूंनी मोडायला लागतं, अशी उदयसिंहनं मनाची समजूत घातली.

कारखान्यात मात्र त्याचं काही बिघडलं नव्हतं. तळोज्याच्या एका कारखान्यात तो प्रेस शॉपचा सुपरवायझर होता. उभी हयात त्यानं पत्रा ठोकणाऱ्या मशिनींच्या मध्ये उभं राहून काढली होती. तिथं सगळेच ओरडून बोलत, नाहीतर हातवारे करत. तिथं त्याला सगळं कळायचं. घरी आलं की कळेनासं व्हायचं.

आता एका कॅसेटचं सांगायला हवं. त्यांचा मुलगा सत्यजीत मस्कतला होता. पत्र लिहायचा शशिकलाला कंटाळा. ती टेपरेकॉर्डर ओट्यावर ठेवायची, बटण दाबायची आणि भाजी निवडता निवडता मुलाशी बोलायची. कॅसेट भरली की मस्कतला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायची. अशा बऱ्याच गेल्या. सत्यजीत आला तो आई गेल्यावर, बाराव्याला. जाताना त्यातली एक कॅसेट त्यानं बापाच्या हातात ठेवली. माझ्याकडं आणखी आहेत, म्हणाला, ही तुम्ही ठेवा.

घरातला टेपरेकॉर्डर तोवर बंद पडला होता. टेप होता तो गाडीत. गाडी दुसऱ्या हाताची, शशिकलाच्या हट्टानं घेतलेली. पुढच्या दोन्ही दारांत कंपनीनंच बसवून दिलेले स्पीकर होते, बशीएवढे. सुकापूरच्या घरून तळोज्याच्या कारखान्यात जाता-येता उदयसिंह ती कॅसेट लावायचा. पहिल्या दिवशी त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली होती. पुढं सवय झाली. सवय झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की ती काय बोलते आहे ते नीट कळत नाही. आवाज तिचा होता, पण भिंतीपलीकडून यावा तसा. अधूनमधून एखादा शब्द हाती लागायचा. बोंबील. गॅस. सत्या.

फक्त एक जागा स्वच्छ होती. कॅसेटच्या मध्यावर ती मुलाशी बोलायचं थांबायची आणि याला हाक मारायची. "अहो, इकडं या. सत्याशी दोन शब्द बोला." ते खणखणीत यायचं. मागून त्याचा स्वतःचा आवाज, तूच सांग की, सगळं ठीक आहे म्हणावं. मग परत ती गुणगुण सुरू.

तेवढं एक वाक्य स्वच्छ येतं, म्हणजे कॅसेट चांगली आहे, असा हिशेब त्यानं केला. मशिनींचा माणूस होता. कॅसेट चांगली, मग बिघाड स्पीकरमध्ये.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, एसटी स्टँडच्या थोडं पुढं, प्रितमचं गाडीच्या टेपचं दुकान होतं. प्रितम मूळचा ओवे गावचा. बापाची शेती सिडकोत गेली, त्या पैशातून त्यानं हे दुकान टाकलं होतं. बोलायला एकदम तयार. त्याचं बोलणं उदयसिंहला बरं वाटलं, कारण दुकानात कायम काहीतरी वाजत असल्यानं तो ओरडूनच बोलायचा.

प्रितमनं आधी टेपचं हेड स्पिरिटनं पुसून दिलं. फरक पडला नाही. दुसऱ्या खेपेला त्यानं वायरी बघितल्या. तिसऱ्या खेपेला दारावर बोटानं टिचकी मारली आणि म्हणाला, "काका, कंपनीचा स्पीकर म्हंजे निस्ता कागूद. गाडी इकायला लावतात. त्याच्यात माणूस बोलला तरी कोंबडा बोलल्यासारका वाटतो."

"मग चांगला कुठला?"

"सा इंची टाकू. दार थोडं कापायला लागंल. पन तुमी ऐकाल ना, घरची मान्सं शेजारी बसल्यासारकी वाटतील."

हे शेवटचं तो सगळ्याच गिऱ्हाइकांना सांगत असे. उदयसिंहनं ते धरून ठेवलं. रविवारी गाडी घेऊन येतो, म्हणाला.

त्या रविवारी त्याची मुलगी अनुया पुण्याहून आलेली होती. तिचं सासर तिकडं, नोकरी बँकेत. आईच्या मागं ती जमेल तेव्हा येऊन बापाचा फ्रीज भरून जायची. गाडीचे स्पीकर बदलायला जायचंय म्हटल्यावर ती मीही येते, एवढंच म्हणाली. तिनं ती कॅसेट तोवर ऐकली नव्हती. आईचा आवाज ऐकायची तिची छाती होत नव्हती.

दुकानासमोर गाडी लावली. प्रितमनं दारांची आतली अस्तरं काढली, कंपनीचे स्पीकर उपसून फळीवर ठेवले. उदयसिंहनं एक हातात घेऊन पाहिला. कागद कुठं फाटलेला नव्हता, डागही नव्हता. तो म्हणाला, हा तर धडका दिसतोय. प्रितम म्हणाला, दिसायला सगलेच धडके असतात. मग त्यानं पातळ करवतीनं दाराचं पुठ्ठ्याचं अस्तर गोल कापलं. अनुया शेजारच्या टपरीवर चहा घेऊन उभी होती. टपरीवर गर्दी होती. पुण्याकडं जाणारे दोन ट्रकवाले, पेपर वाचणारा एक म्हातारा, मासळीच्या पाट्या खाली ठेवून बसलेल्या उरणकडच्या दोन बायका.

स्पीकर बसले. उदयसिंह पुढं जाऊन बसला आणि स्वतःच्या हातानं कॅसेट आत सारली.

आवाज आला. दार थरथरलं. पण तो नुसता घुमत होता, रांजणात तोंड घालून कुणी बोलावं तसा. शब्द काही सुटे होईनात. त्यानं बटण फिरवलं. आणखी फिरवलं. प्रितम खिडकीशी वाकून काहीतरी बोलला, ते त्याला कळलं नाही. त्यानं बटण शेवटाला नेलं.

अनुयाच्या हातातला चहा सांडला. तिची आई भर रस्त्यात बोलत होती. सत्या, तुला गळू आलंय म्हणे, तर त्यावर हळद आणि तूप गरम करून लाव, लाजू नकोस, बसायच्या जागी असलं म्हणून काय झालं. कमळाबाईंची आमटी म्हणजे नुसतं पाणी, पण हे मिटक्या मारत खातात. माझं अंग हल्ली फार दुखतं रे, रात्री कूस बदलवत नाही. एसटी स्टँडच्या बाजूनं येणारी माणसं वळून बघत होती. एक ट्रकवाला दुसऱ्याला कोपरानं ढोसून हसला. मासळीवाली म्हणाली, "कुनाची बाय गो ती? येवढी वरडतंय कशाला?" आणि सगळ्यांच्या मध्ये उदयसिंह खिडकीची काच खाली करून, मान स्पीकरकडं वाकवून, डोळे बारीक करून बसला होता.

अनुया धावत आली, दुसऱ्या बाजूनं आत बसली आणि तिनं टेप बंद केला.

"का बंद केलास? तपासतोय मी," उदयसिंह म्हणाला. "याचे हे स्पीकरही तसलेच निघाले. पैसे घेऊन बसला आणि आवाज काही येत नाही."

प्रितमनं हे ऐकलं. दुकानापुढं चार माणसं जमलेली, त्यांच्यासमोर दुकानाचं नाव खराब होत होतं. तो अनुयाच्या खिडकीशी येऊन म्हणाला, "ताई, आवाज नाय म्हनतात काका. पार टोलनाक्यापरयंत गेला असंल. तुमीच सांगा आता काय ते." बोलताना तो हसायला लागला होता, पण तिचा चेहरा पाहून थांबला आणि दुकानात निघून गेला.

अनुयानं दोन्ही काचा वर केल्या. मग ती बापाकडं पूर्ण वळून बसली आणि एकेक शब्द सुटा करून मोठ्यानं बोलली.

"आबा, स्पीकर चांगले आहेत. आधीचेही चांगले होते. तुम्हाला ऐकू येत नाही."

तो हसला. "मला? कारखान्यात मला पार शेवटच्या मशिनीचा आवाज बदललेला कळतो."

"मशिनीचा कळतो. माणसाचा कळत नाही. खूप वर्षं झाली."

खूप वर्षं कशी, त्यानं विचारलं. तुझी आई होती तोवर मला सगळं ऐकू येत होतं. ती बोललेला एक शब्द माझा कधी चुकला नाही. मुळात तिचा आवाजच मोठा. माहेरी शेतावर वाढलेली, बांधावरून हाका मारायची सवय. मी तिला चिडवायचो त्यावरून.

 अनुया तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली, "आईचा आवाज मोठा नव्हता आबा. आई फार हळू बोलायची. कमळाबाईंना विचारा, कुणालाही विचारा. फक्त तुमच्याशी मोठ्यानं बोलायची."

त्याला हे ऐकू आलं, पण कळायला वेळ लागला.

अनुयानं मग उरलेलं सांगितलं. घरी कुणी आलं की तो माणूस काय म्हणाला ते आई बोलता बोलता पुन्हा म्हणायची, जसं काही तिचंच बोलणं असावं. बेल वाजली की ती म्हणायची, अहो, कुणीतरी आलंय. आम्हा दोघांना तिनं बजावून ठेवलं होतं की याबद्दल घरात बोलायचं नाही. कारखान्यात वर्षातून एकदा तपासणी होते, तिथं हे कळलं तर तुम्हाला मशिनीवरून काढतील अशी तिला धास्ती होती. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही स्वतःच जाऊन साहेबाला सांगाल, हेही तिला ठाऊक होतं. "मला वाटलं होतं, ती गेल्यावर तुमचं तुम्हाला कळेल," अनुया म्हणाली. "फोनवर मी किती ओरडते. तुम्ही म्हणता, लाईन खराब आहे."

उदयसिंहनं स्टीअरिंगवर हात ठेवले. इतक्या वर्षांत एकदाही त्याला संशय आला नव्हता. ती किती दमत असेल, असं आधी त्याच्या मनात आलं. दिवसभर सगळ्यांशी एका आवाजात बोलायचं आणि आपल्यासाठी छातीतून दुसरा आवाज काढायचा. शेवटच्या आजारात, पोटात काही ठरत नव्हतं तेव्हाही, ती त्याला पाणी मागायची ते त्याला पलीकडच्या खोलीत ऐकू यायचं. त्याला तेव्हा बरं वाटलं होतं. आवाजात अजून जोर आहे, म्हणजे ती उठेल, असं त्यानं डॉक्टरला सांगितलंसुद्धा होतं.

अनुया यंत्राबद्दल बोलत होती. आता कानात घालायची यंत्रं मिळतात, पुढच्या खेपेला पुण्याला चला, माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. त्याला यंत्र माहीत होतं. त्यांच्या शॉपमधला तुळशीराम निवृत्त व्हायच्या आधी खिशात तसली डबी ठेवायचा. पंख्याची घरघर आणि भांड्यांचा खणखणाट तेवढा मोठा होतो, म्हणायचा, बायको अजून लांबच आहे. तरी उदयसिंह म्हणाला, येतो. मुलीला आता नाही म्हणण्यात अर्थ नव्हता.

त्यानं कॅसेट बाहेर काढली आणि हातात धरून बसला. त्याला एकच गोष्ट हवी होती, आणि त्या गोष्टीला स्पीकर लागत नव्हते, डॉक्टरही लागत नव्हता.

"कशी बोलायची ती?" त्यानं विचारलं. "तुमच्याशी?"

अनुयाला प्रश्न कळला. तिनं पदरानं नाक पुसलं. लहानपणापासून सगळे म्हणत आले होते की हिचा आवाज हुबेहूब आईसारखा आहे. ती थोडी त्याच्याकडं सरकली, मान किंचित कलती केली आणि बोलायला लागली.

तिचे ओठ हलताना त्याला दिसले. बोलणं लांबलचक होतं, मध्ये एकदा ती हसलीही. बाहेर एक एसटी वळण घेत होती, तिची धडधड त्याला चाकांपासून हॉर्नपर्यंत ऐकू येत होती. तो मुलीच्या तोंडाकडं बघत राहिला. मध्येच त्यानं श्वास रोखून धरला, त्यानंही काही फरक पडला नाही. ओठ थांबले.

"अशी," अनुया मोठ्यानं म्हणाली. "ऐकू आलं?"

"आलं," तो म्हणाला. "अशीच बोलायची."

आणि प्रितमचे पैसे द्यायला तो दार उघडून खाली उतरला.