शेऱ्याच्या चौकटीतलं ‘कृपया’

मी कुणाकडे काही मागत नाही. हा माझा गुण की खोड, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. नवरा खोड म्हणतो. सासरे गळ्यातला मापाचा टेप सारखा करतात आणि विषय बदलतात.

टेप गळ्यात असतो, कारण ते कारखान्याचं स्टोअर सांभाळतात. आमच्याकडे लहान मुलांच्या पायांना आधार देणारे कॅलिपर आणि उंच तळाचे बूट बनतात. अख्खा कारखाना त्यांना टेपकाका म्हणतो. मीही म्हणायचे. आठ वर्षांपूर्वी मी संगणक विभागात लागले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांचा अडकलेला कीबोर्ड दुरुस्त करायला गेले. आत मूठभर बिस्किटांचा चुरा निघाला. मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं, आणि या गृहस्थांनी मला तिथल्या तिथे सून म्हणून पसंत करून टाकलं. मुलाला मागाहून कळवलं. लग्नानंतर आमचा करार झाला: घरी बाबा, कारखान्यात काका. कामाच्या जागी नातं आणायचं नाही. करार अर्थातच माझा होता.

माझा डावा पाय उजव्यापेक्षा दीड इंच आखूड आहे, त्यामुळे बूट मी आमच्याच कारखान्याचे घालते. या कंपनीची एक गोष्ट मला मनापासून आवडते. दर दहा महिन्यांनी नव्या जोडाचं खोकं न मागता माझ्या टेबलावर येऊन बसतं. कर्मचाऱ्यांसाठी तसा नियम आहे. नियम असावा तर असा, हे मी नवऱ्याला सतरा वेळा ऐकवलंय.

तर बुधवारी सकाळी सॉफ्टवेअरवाल्यांचं पत्र आलं. ऑर्डर येण्यापासून माल रवाना होईपर्यंत आमचा सगळा कारभार त्या एका सॉफ्टवेअरवर चालतो. पत्रात होतं, की ऑर्डरच्या पानावर तळाशी ‘शेरा’ नावाची जी चौकट आहे, तिथे मोठं भगदाड सापडलंय. त्या चौकटीत माणसाने ‘पट्टा मऊ हवा’ असं काहीतरी लिहावं, एवढीच अपेक्षा. पण सुरुवातीला एक विशिष्ट खूण टाकली, तर सकाळी दिवसाची यादी छापताना यंत्र तो मजकूर नुसता छापत नाही, हुकूम समजून पाळतं. ऑर्डरी पुसून टाक म्हटलं की पुसणार. मुलांचे कागद बाहेर पाठव म्हटलं की पाठवणार. आणि ऑर्डरचं पान तर सगळ्या हॉस्पिटलांना उघडं. म्हणजे दाराला कुलूप आणि किल्ली बाहेरच्या खिळ्याला.

सोबत दुरुस्ती होती. ती शुक्रवारी दुपारी बाराच्या आत बसवायची. त्यानंतर चौकटीत फक्त साधा मजकूर राहील, हुकुमासारखं दिसेल ते सगळं कायमचं पुसलं जाईल. आणि त्याआधी कुणी आत शिरून गेलंय का, ते तपासायचं.

मी तपासलं. सेहेचाळीस हुकूम निघाले. सर्वांत जुना अकरा वर्षांपूर्वीचा. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. आठ वर्षं मी या लोकांचं पासवर्डवरून डोकं खातेय, आणि इथे माझ्या नाकाखाली कुणीतरी खुशाल संसार थाटलाय!

एक हुकूम उघडून नीट वाचला. खूण, ऑर्डरचा नंबर, दहा महिन्यांनंतरची तारीख, माप एक बोट वाढवून नवी ऑर्डर. आणि अगदी शेवटी, कशाशीच संबंध नसलेला एक शब्द: कृपया. बाकीच्यांची मी नुसती शेपटं पाहिली. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस ओळींच्या शेवटी कृपया. चोर काही यंत्राला कृपया म्हणत नाही. असा माणूस माझ्या माहितीत एकच आहे. तो लिफ्टलासुद्धा थँक्यू म्हणतो.

“काका, हे काय आहे?” मी स्टोअरच्या काउंटरवर कागद आपटला.

त्यांनी सावकाश चष्मा लावला. “मुलं आहेत ही. म्हणजे, बहुतेक.”

रागात ते ‘बहुतेक’ माझ्या कानावरून गेलं. “मुलं? हे हुकूम आहेत! यंत्राला दिलेले!”

“अगं, पोरं वाढतात ना,” ते म्हणाले. “ऑर्डर एकदा गेली की आपल्या लेखी काम संपलं. पोराचं पाऊल थोडंच थांबतंय? मग कॅलिपर टोचायला लागतो, पोर वाकडं चालायला लागतं, तेव्हा आईबाप धावत येतात. नवा बनायला तीन महिने. तेवढे दिवस पोराने काय करायचं? घरात बसून राहायचं? म्हणून दहा महिने झाले की यंत्रच ऑर्डर काढतं, आणि हॉस्पिटलला पत्र जातं, माप घ्यायला बोलवा म्हणून.”

“आणि ही विद्या दिली कुणी?”

त्यांनी टेपचा पत्र्याचा डबा उघडला. झाकणाला आतून एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवली होती. “सॉफ्टवेअर बसवायला आला होता, तो इंजिनिअर. मी विचारलं, यंत्राला काही सांगायचं असेल तर कुठे सांगू? म्हणाला, या चौकटीत लिहा, ते ऐकतं. मी फक्त नंबर, तारीख आणि माप बदलतो. कृपया माझ्या मनाचं.”

“अहो, ऐकतं तेच तर वाईट आहे! ते कुणाचंही ऐकतं. उद्या कुणी सगळ्या मुलांची माहिती पळवली म्हणजे? शुक्रवारी मी ते बंद करणार, आणि तुमच्या या सगळ्या ओळी पुसल्या जाणार.”

त्यांनी कागद जवळ ओढला आणि एकेका ओळीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता विचारतील, माझं काय होईल, साहेबांना सांगणार का. अकरा वर्षं नियम मोडलेला माणूस दुसरं काय विचारणार?

“मग पोरांना कोण बोलावणार?” त्यांनी विचारलं.

मला स्वतःची लाज वाटली. राग होता तिथेच होता, पण आता त्याचं काय करावं ते कळेना.

मी मॅनेजरांच्या खोलीत गेले. “सासऱ्यांची तक्रार घेऊन आलेय,” म्हटलं, आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, चिठ्ठीसुद्धा. त्यांनी कपाळ चोळलं. “शुक्रवारी बारा म्हणजे बारा. एक मिनिट पुढे नाही,” ते म्हणाले. “तोवर ही नावं कुठेतरी उतरवून घ्या. यापुढे हे काम हाताने होऊ दे. आणि टेपकाकांना सांगा, यंत्राशी बोलायचं असेल तर आधी माझ्याशी बोला.”

गुरुवारी सकाळी आम्ही जाडजूड वही घेऊन स्टोअरमध्ये बसलो. मी स्क्रीनवरून वाचायचं, त्यांनी लिहायचं. पुसल्यावर परत काही मिळणार नव्हतं, त्यामुळे एकही पोर सुटून चालणार नव्हतं. मला घाई, आणि हे पट्टीने समास आखत बसलेले!

“काका, हातानेच ओढा की रेघ.”

“वाकडी येते. आपल्याकडे वाकडं चालत नाही.”

नंबर वाचला की त्यांना पोर आठवायचं. नावाने नव्हे, पायाने. ही निळ्याच पट्ट्याचा हट्ट धरणारी. हा कॅलिपर घालून झाडावर चढलेला. एका नंबरावर त्यांनी पेन खाली ठेवलं. “याला नको आता. शस्त्रक्रिया झाली. हॉस्पिटलने कळवलंय, धावतो म्हणे.” आणि त्या पोरासाठी आखलेली रेघ इतक्या आनंदाने खोडली, की मला पुढचा नंबर वाचायला जरा वेळ लागला.

शुक्रवारी साडेअकराला पंचेचाळीस झाल्या. शेवटची ओळ मी वाचायला घेतली.

“हॉस्पिटल... इथे हॉस्पिटलच नाही. संगणक विभाग.” मी थांबले. “डावा पाय. दीड इंच. माप वाढवू नये. दर दहा महिन्यांनी. कृपया.”

ते खाली मान घालून रेघ आखत होते. रेघ आखून झाली तरी मान वर आली नाही.

“तो नियम आहे ना?” मी विचारलं. “कर्मचाऱ्यांसाठीचा?”

“कुठला नियम?” ते म्हणाले. “कीबोर्ड दुरुस्त करायला आलीस तेव्हा तुझ्या बुटाचा तळ एका बाजूने पार गेला होता. तरी तशीच तुरुतुरु चालत होतीस. म्हटलं, ही पोर काही मागायची नाही.”

नऊ जोड झाले होते. नऊ वेळा मी ते खोकं उघडून कंपनीचं कौतुक केलं होतं, घरी येऊन, त्यांच्यासमोर! आणि हा माणूस मान डोलवत जेवत होता. मला रडू आलं. आवरलंही नाही.

“बारा वाजत आले,” ते हळूच म्हणाले. “जा, भगदाड बुजव. ही एवढी ओळ उतरवून घेतो.”

“ती वहीत लिहू नका.”

त्यांनी चमकून वर पाहिलं. त्यांना लागलं, ते दिसलं मला. पण समजावत बसायला वेळ नव्हता. मी वर गेले, दुरुस्ती बसवली. बाराला चार मिनिटं असताना स्क्रीनवर सेहेचाळीसचं शून्य झालं. माझ्या हातून झालं.

मग मी स्टोअरकडून सामान मागण्याचा छापील फॉर्म काढला. सगळ्या कारखान्याला हे फॉर्म मीच छापून देते, स्वतः कधी भरला नव्हता. वस्तू: बूट, एक जोड. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: कृपया.

काउंटरवर पॅकिंगच्या दोघी उभ्या होत्या. त्या जाईपर्यंत थांबावं असं क्षणभर वाटलं. थांबले नाही.

“बाबा,” मी म्हटलं. दोघींनी वळून पाहिलं. “मला बूट हवेत.”

त्यांनी फॉर्म घेतला, चष्मा लावला, अथपासून इतिपर्यंत वाचला. शेऱ्यापाशी जरा रेंगाळले. मग टेप सारखा करत विचारलं, “माप?”

“डावा पाय. दीड इंच.”

माहीत नसल्यासारखं त्यांनी ते नीट लिहून घेतलं, खाली सही केली आणि फॉर्मची एक प्रत माझ्या हातात दिली.

“दहा महिन्यांनी परत यायचं,” ते म्हणाले.

“येईन,” मी म्हटलं. “मागायला येईन.”