गाऱ्हाण्याचा दिवस

बाबांनी खिशातला चाकू उघडला आणि घराच्या उत्तरेकडच्या, पायावर टेकलेल्या तुळईत खुपसला. पातं मुठीपर्यंत आत गेलं. त्यांनी ते बाहेर काढलं, पँटला पुसलं, चाकू मिटून खिशात टाकला आणि हेस्टरकडे न बघताच म्हणाले,

"कॉफी झाली असेल तर चल आत."

हेस्टर मॅपलच्या झाडाच्या गोड रसाची बादली घेऊन दारात उभी होती. हंगामातला शेवटचा रस, पिवळट पडलेला, आटवला तरी कडवटच होणार असा. तिनं तो पायरीखाली ओतून दिला. पातं किती आत गेलं ते तिनं पाहिलं होतं, आणि तिनं पाहिलंय हे बाबांना कळलं होतं. त्यावर दोघंही काही बोलले नाहीत. त्या घरात असंच चालायचं.

वेन्डेल, तिचा धाकटा भाऊ, दहाच्या सुमाराला आला. एप्रिलच्या चिखलात टेकडीवर गाडी चढत नाही, म्हणून ती खाली डांबरी रस्त्यावर ठेवून तो चालत आला आणि दारातच बूट आपटत राहिला. तो नदीपलीकडे, न्यू हॅम्पशायरात राहायचा. पूल ओलांडला की राज्य बदलायचं, आणि वेन्डेलच्या मते माणसाचं नशीबही. टेबलाशी बसून त्यानं पुन्हा तेच दळण सुरू केलं. इथे व्हरमाँटात बाबांच्या पेन्शनवर इन्कम टॅक्स, खरेदीवर टॅक्स, वर ही घरपट्टी. तिकडे इन्कम टॅक्स नाही, खरेदीवर नाही. घरपट्टी जबर आहे, कबूल, पण बाबांना तिथे घर घ्यायचंच नाहीये. त्याच्या घराजवळ दोन खोल्यांची जागा भाड्यानं मिळतेय, लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे.

"इथे माणूस शिंकला तरी गाव सभा भरवतं," तो म्हणाला. "आणि सभेत ठरतं की शिंकेचा खर्च टेकडीवरच्यांनी द्यायचा."

बाबा हसले. हेस्टर हसली नाही. घरपट्टी भाड्यात लपलेली असते, घरमालक ती काही स्वतःच्या खिशातून भरत नाही, असं तिनं सांगितलं. वेन्डेलनं हात झटकला. मग तिनं व्हरमाँटात म्हाताऱ्यांना, थोडक्या उत्पन्नाच्या लोकांना मिळणाऱ्या सवलतीची आठवण करून दिली. त्यावर वेन्डेल म्हणाला की सवलत मिळून उरते तीच घरपट्टी बाबांच्या डोक्यावर बसलीय.

हे मात्र खरं होतं. बॉस्टनचे लोक सुट्टीतल्या घरांसाठी टेकडीवर वाटेल त्या भावानं जमिनी घेऊ लागले, तेव्हापासून जुन्या घरांच्या किमतीही कागदावर फुगल्या होत्या. गेल्या वसंतात गावानं सगळ्या घरांची नव्यानं किंमत ठरवली तेव्हा बाबांची घरपट्टी दीडपट झाली. आणि हे सगळं बाबांना कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. ते स्वतः तीस वर्षं हॅलम गावाचे लिस्टर होते. गावातल्या प्रत्येक घराची, गोठ्याची, शेडची किंमत ठरवायला गाव तीन माणसं निवडून देतं, त्यांतले एक. दर उन्हाळ्यात एक दिवस लोक त्या तिघांसमोर येऊन बसतात आणि आपल्या घराची किंमत कशी जास्त लावलीय ते सांगतात. त्या दिवसाला गावात गाऱ्हाण्याचा दिवस म्हणतात. छप्पर गळतंय, तळघरात पाणी येतंय, शेजाऱ्याची डुकरं घाण मारतात, असं काहीही ऐकवतात. बाबांनी ते सगळं तीस वर्षं ऐकलं होतं आणि सगेसोयरे म्हणून कुणाला पैचीही सूट दिली नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात हेस्टरनं त्यांना गाऱ्हाणं घाला म्हणून किती विनवलं होतं. तुळई कुजलीय, ते दाखवा. नुसतं बोट दाखवा. बाबा म्हणाले होते, "आयुष्यभर लोकांची रड ऐकली, आता मी जाऊन रडू?" तिथेच विषय संपला होता.

दुसऱ्या दिवशी जागा बघायला यायचं बाबांनी कबूल केलं. दुपारी वेन्डेल गेल्यावर हेस्टर भांडी घासायला उभी राहिली. बाबा टेबलाशी बसून होते.

"मी दोन्हीकडचा हिशेब करून पाहिला," ती पाठमोरीच म्हणाली. "सगळं धरलं तर सारखंच पडतं."

"जवळपास."

"मग कशाला जाताय?"

बाबांनी कपातली उरलेली कॉफी संपवली.

"तिकडे चिखल नसतो," ते शेवटी म्हणाले. मग जरा थांबून, "घराचे पैसे आले की तुलाही फिलाडेल्फियाला परत जाता येईल. तुझी ती लायब्ररी तुला अजून घेईल."

हेस्टरनं घासलेलं पातेलं पुन्हा पाण्यात बुडवलं आणि परत घासायला घेतलं. नऊ वर्षांपूर्वी आई आजारी पडली तेव्हा ती फिलाडेल्फिया सोडून आली होती. आई गेल्यावर राहून गेली. गावाच्या चिमुकल्या वाचनालयात आठवड्यातून तीन दिवस काम, बाकी हे घर. आता घर विकायचं, तिनं सामान उचलायचं, आणि हे तिला भांडी घासताना कळायचं. किती सभ्यपणे घराबाहेर काढताहेत, तिला वाटलं. जे बोलायचं होतं ते दातांशी आलं आणि तिथेच अडलं.

"तुमचं तुम्ही ठरवा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेन्डेल बाबांना जागा दाखवायला घेऊन गेला. जेवणाचं टेबल तिथे मावेल का ते बाबांना मोजून बघायचं होतं. वेन्डेल किल्ली परत द्यायला खाली ऑफिसात गेला होता. वर आला तर बाबा भिंतीला टेकून जमिनीवर बसलेले होते आणि मोजपट्टी त्यांच्या मांडीवर उघडीच होती. खोली रिकामी होती. बसायला एक खुर्चीसुद्धा नव्हती.

ही नसलेली खुर्ची हेस्टरच्या मनातून जाईना. अठ्ठ्याहत्तर वर्षं ज्यानं नदीपलीकडे एक रात्र काढली नाही, तो माणूस पलीकडच्या एका भाड्याच्या खोलीत जमिनीवर बसून मेला. कशासाठी, तर इन्कम टॅक्ससाठी. वेन्डेल ढसाढसा रडला. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. मे महिन्यात चिखलाखालची गोठलेली जमीन मऊ झाल्यावर बाबांना आईशेजारी पुरलं, तेव्हा ती कबरीच्या एका बाजूला उभी राहिली आणि वेन्डेल दुसऱ्या.

रागाचं एक असतं, तो माणसाला कामाला लावतो. तिनं तळघर रिकामं केलं, छपराची गळती शोधली, उंबऱ्याखालचे दगड कुठे सरकलेत ते पाहिलं. वेन्डेलला घर विकायचं होतं. तिला ते ठेवायचं होतं, आणि घरपट्टी कमी झाली तरच तिच्या पगारात ते जमणार होतं. म्हणून जूनमध्ये गाऱ्हाण्याच्या दिवशी ती गावकचेरीत गेली.

बाहेरच्या बाकावर रॉस्को पिंकनी बसला होता. तो दर वर्षी यायचा. टेकडीवरून डोंगर दिसतात म्हणून त्याच्या घराला जास्त किंमत लावतात, हे त्याचं कायमचं दुःख.

"यंदा खिडकीवर लाकडी फळ्या ठोकल्यात," तो तिला म्हणाला. "आता म्हणावं, कुठे आहे देखावा? बायको बोलत नाही माझ्याशी, तो फायदा वेगळा."

मग त्यानं टोपी काढली आणि हलक्या आवाजात सांगितलं की मेरिलनं, म्हणजे तिच्या बाबांनी, त्याला कधी एक डॉलर सोडला नाही, पण त्याचं बोलणं दर वेळी पूर्ण ऐकून घेतलं. हेस्टरनं मान हलवली. आज कुणी बाबांबद्दल चांगलं बोललेलं तिला सोसत नव्हतं.

आत टेबलामागे तिघं होते. मधे ओडील थेरियन, सत्तरीची, आखूड केसांची, बाबांबरोबर वीस वर्षं काम केलेली आणि त्यांच्याशी वीस वर्षं भांडलेली. दोन्ही बाजूंना दोन नवे, एक शाळेचा माजी शिक्षक आणि एक सुतार. ओडीलनं खुर्ची दाखवली.

"काय बिघडलंय घराचं, सांग."

हेस्टर सांगू लागली. उत्तरेची तुळई कुजलीय, चाकू मुठीपर्यंत जातो. चिमणीच्या विटा सुटल्यात. तळघरात वसंतात घोटाभर पाणी असतं. वरच्या खोलीचं छत एका बाजूनं खाली आलंय. बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला, आणि आपण बापाच्याच घराची चार लोकांत लक्तरं काढतोय हे तिच्या लक्षात आलं तसा तो आणखी चढला. सुतारानं मान खाली घातली.

"हे सगळं तुम्हाला दिसत नव्हतं?" ती म्हणाली. "रोज त्या रस्त्यानं जाता तुम्ही. गेल्या वर्षीच ही किंमत उतरवली असती तर त्यांना नदीपलीकडे जावं लागलं नसतं. तुम्ही घालवलंत त्यांना. तुम्ही आणि माझ्या भावानं."

शिक्षक काही बोलायला गेला. ओडीलनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"हे आमच्या माथी मारू नकोस, हेस्टर."

"मग कुणाच्या मारू?"

ओडीलनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिलाही राग आला होता, आणि तो आजचा नव्हता.

"तो आला होता," ती म्हणाली. "गेल्या वर्षी, याच दिवशी, सगळ्यात शेवटी. हे दोघं जेवायला गेले होते. त्याच खुर्चीत बसला."

हेस्टरनं आपल्या खुर्चीकडे पाहिलं.

ओडील सांगत गेली. मेरिल आलेला पाहून तिला बरंच वाटलं होतं. तो तोंड उघडणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून तिनं स्वतःच विषय काढला. तुझी तुळई मला माहीत आहे, चिमणीही माहीत आहे, एवढी एवढी रक्कम कमी करते, तू फक्त हो म्हण. तो नको म्हणाला. तिला वाटलं, अकडतोय. तिनं त्याला चार शिव्या दिल्या. मग त्यानं सांगितलं की घरपट्टी कमी झाली तर इथे राहायला कारण मिळेल, आणि तेच त्याला नको होतं.

"मी म्हटलं, म्हाताऱ्या, तुला खरंच त्या पोराच्या शेजारी लिफ्टमध्ये वरखाली करत मरायचंय? तर म्हणाला, नाही. मला जायचंच नाही. पण मी इथे आहे तोवर ती इथे आहे. आईसाठी आली, माझ्यासाठी अडकली. ऊठ, जा असं तोंडावर म्हटलं तर ती जायची नाही. टॅक्सचं कारण सांगितलं तर कुणाला वाईट वाटत नाही." ओडीलनं चष्मा हातात घेतला. "म्हणाला, 'ओडील, मी गेलो की ती सुटेल.'"

बाहेर बाकावर रॉस्को कुणाला तरी फळ्यांचा किस्सा पुन्हा ऐकवत होता, आणि ऐकणारा हसत होता.

"हे तुला सांगायचं नाही, असं म्हणाला होता," ओडील म्हणाली. "मी त्याचं कधीच ऐकलं नाही, हे एवढं एकच ऐकलं. त्याचं मला..." तिनं चष्मा परत चढवला. "जाऊ दे. तुळईचे पैसे कमी करते. चिमणीचेही. आणखी काही गाऱ्हाणं आहे?"

हेस्टरचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर होते. तिनं ओडीलकडे पाहिलं नाही, त्या दोघांकडेही नाही.

"आहे," ती म्हणाली. "मला सुटायचं नव्हतं."

शिक्षकानं पेन उचललं, आणि हे कुठे लिहायचं ते न कळून तसंच हातात धरून ठेवलं.

"मला सुटायचं नव्हतं, बाबा," हेस्टर म्हणाली, या वेळी मोठ्यानं, बाहेर बाकापर्यंत ऐकू जाईल असं. "मला विचारायचं तरी."