बाभळीची मूठ

लिंबाजीनं आजवर पिस्तूल पाहिलं होतं ते फौजदाराच्या कमरेला, तेही चामड्याच्या म्यानात झाकलेलं. त्यामुळं मे महिन्यातल्या एका सकाळी लेक सहज म्हणाली, "दादा, आज परभणीला पिस्तूल निवडायला जायचंय, तुमीबी चला," तेव्हा त्यानं चहाची बशी खाली ठेवली.

"मी येऊन काय करू? मला त्यातलं काय कळतंय?"

"नसू द्या कळत. नुसते बसा तिथं. घरी तरी काय करायलाव?"

ते खरं होतं. कारखान्यावरून येऊन महिना झाला होता, पेरणीला अवकाश होता. लिंबाजी आणि त्याची बायको दैवशाला दिवाळी झाली की ऊसतोडीला जात, ते उन्हाळ्यात गावाला, बोरीला परतत. वीस-बावीस वर्षं हेच चाललेलं. त्यात लेक पंकजा कधी आजीपाशी वाढली, कधी परभणीच्या वसतिगृहात गेली, कधी तिच्या हातात बंदूक आली, हे लिंबाजीला फोनवरूनच कळत गेलं. नेमबाजी म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं, पण पोरीला नेम धरताना त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. दरसाल स्पर्धा असायच्या तेव्हा तो कुठल्यातरी फडात उसात असायचा.

दैवशालानं आतूनच सांगितलं, "जावा की. पोरगी एवढं म्हणायलीय तर."

त्यानं धुतलेला सदरा घातला आणि दोघं एसटीत बसली.

क्लब होता शहराबाहेर, एमआयडीसीच्या मागं. लांबलचक पत्र्याचं शेड, समोर पंचवीस मीटरवर निशाणांची रांग आणि त्यामागं मातीचा उंच बांध. सुभेदार म्हणून निवृत्त झालेले सिद्धोधन सर तिथं शिकवायचे. सात जणांत एकच पिस्तूल होतं, ज्याची पाळी येईल त्यानं मारायचं. यंदा क्रीडा खात्यानं पंकजाला स्वतःच्या पिस्तुलासाठी अनुदान दिलं होतं, आणि चौदा महिने कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवल्यावर परवानाही हातात आला होता. आता फक्त निवडायचं होतं.

टेबलावर दोन पिस्तुलं मांडलेली. एक पुण्याच्या विक्रेत्यानं आणलेलं, नवंकोरं, निळ्याशार रंगाचं. दुसरं नांदेडच्या बन्सीधर नावाच्या रेल्वेतल्या जुन्या नेमबाजाचं. त्यांनी खेळ सोडला होता आणि पिस्तूल चांगल्या हातात जावं म्हणून विकायला काढलं होतं. त्याचा काळा रंग कडांना उडाला होता, आणि लाकडी मुठीवर भेगा बुजवल्याचे डाग होते.

क्लबचे अध्यक्ष आबासाहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत खुर्चीवर बसले होते. कापसाच्या जिनिंगचे मालक, मनानं दिलदार, पण वस्तू दिसायला चांगली पाहिजे असं त्यांचं पक्कं मत. ते म्हणाले, "यात निवडायचं काय? निळं घ्या आन् मोकळे व्हा. फोटोत कसं उठून दिसंल."

पंकजाची नजरही निळ्यावरच होती. लिंबाजीला ते लांबूनही दिसलं. लहानपणी बोरीच्या बाजारात फुग्यांकडं बघायची, तशीच बघत होती.

सिद्धोधन सरांनी लिंबाजीला कानांवर लावायला जाडजूड झाकणं दिली आणि मागच्या बाकावर बसवलं. जाता जाता त्यांनी थोडक्यात समजावलं. "लिंबाजीराव, यात पाच गोळ्या भरतात. एक सुटली की रिकामं काडतूस आपोआप बाहेर पडतं आणि दुसरी गोळी वर येते. चाप मात्र दर वेळी ओढावा लागतो. आधी सावकाश तीस गोळ्या, मग घाईच्या तीस. घाईत निशाण तीन सेकंद तोंड दाखवतं, सात सेकंद लपतं. त्या तीन सेकंदांत हात खालून वर आणायचा आणि एकच गोळी मारायची."

"तीन शेकंदात?"

"तीन."

पंकजा उभी राहिली. डावा हात खिशात, उजवा सरळ समोर. लिंबाजीनं पहिल्यांदाच आपल्या पोरीला असं उभं राहिलेलं पाहिलं आणि त्याला उगीचच वाटलं, ही एवढी उंच कधी झाली?

निळं पिस्तूल सुरेख चाललं. सावकाशच्या गोळ्या तर मधल्या काळ्या गोलात एकमेकींना चिकटून बसल्या. आबासाहेबांनी मांडीवर थाप मारली. मग घाईच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या पाच नीट गेल्या. पुढच्या पाचांत तिसऱ्या गोळीला पिस्तूल गप्प झालं. रिकामं काडतूस अर्धं बाहेर, अर्धं आत, दारात अडकलेल्या म्हशीसारखं. सरांनी ते काढलं, पुन्हा भरलं. पुन्हा चौथ्या गोळीला तेच.

विक्रेता म्हणाला, "याला भारीतली काडतुसं लागतात, मॅडम. ती घातली की काही होत नाही."

"ती इथं मिळतात का?" सरांनी विचारलं.

"मागवावी लागतात. तीन-चार महिने धरा."

मग जुनं पिस्तूल आलं. सरांनी मुद्दाम क्लबात होती नव्हती ती सगळी काडतुसं त्यात भरली, तीन-चार जातींची, काही तर दोन पावसाळे कपाटात काढलेली. पिस्तुलानं एकालाही नाक मुरडलं नाही. तीस गोळ्या, मग आणखी तीस. ठक् ठक् ठक्, काडतुसं उजवीकडं पडत राहिली. पण कागदावर छिद्रं मात्र विखुरलेली होती, बरीच डावीकडं आणि खाली.

"नेम गेला काय?" आबासाहेब म्हणाले.

लिंबाजी कागद बघत नव्हता. तो पोरीचा हात बघत होता. प्रत्येक गोळीआधी ती बोटं थोडी सरकवत होती, मग पुन्हा आवळत होती. पिस्तूल खाली ठेवल्यावर तिनं अंगठ्याच्या बेचक्यात हळूच चोळलं. तिथं लालभडक वळ उठला होता.

हे दुखणं लिंबाजीच्या ओळखीचं होतं. त्याच्या टोळीत नव्या माणसाच्या हाताला आठ दिवसांत फोड यायचे, आणि माणूस कोयत्याच्या पात्याला शिव्या घालायचा. पात्याचा काही दोष नसायचा. मूठ दुसऱ्याच्या हाताची असायची. मग लिंबाजी ती काढायचा, बाभळीच्या तुकड्याची नवी घडवायचा आणि माणूस दुसऱ्या दिवशी हसत फडात जायचा. आजूबाजूच्या टोळ्यांतूनही लोक त्याच्याकडं कोयते घेऊन यायचे.

तो बाकावरून उठला. "सर, एक इचारू का? ही मूठ निघती का?"

"निघते की. खाली एकच स्क्रू आहे."

"मंग ती दुसरी करता येती. बन्सीधर भाऊंचा पंजा लय मोठा आसंल. पोरीचा हात त्यात पोहायलाय."

आबासाहेब हसले. "लिंबाजी, हा कोयता न्हाई बाबा."

"न्हाईच की, साहेब. कोयत्याला मधीच थांबायचे नखरे चालत न्हाईत."

सिद्धोधन सर एवढे मोठ्यानं हसले की विक्रेत्यालाही हसावं लागलं. मग सगळे पंकजाकडं वळले. परवाना तिचा, हात तिचा, निवडही तिचीच.

ती दोन्ही पिस्तुलांसमोर बराच वेळ उभी राहिली. निळ्यावरून तिनं एकदा बोट फिरवलं.

"मला हेच आवडलंय," ती म्हणाली, "पण त्या तीन सेकंदांत मला पिस्तुलाचा घोर नको. सर, मी जुनं घेते. मूठ दादा करतील."

लिंबाजी मनाशी म्हणाला, बोलून तर बसलो, आता करून दाखवायला पाहिजे.

कायदा असा होता, की परवाना पंकजाचा, म्हणून लिंबाजीनं पिस्तुलाला हात लावायचा नाही. ते क्लबच्या तिजोरीत राहणार. सरांनी जुनी मूठ तेवढी सोडवून नमुना म्हणून त्याच्या हातात दिली. ज्या हत्याराला शिवायचंही नाही त्याची मूठ घडवायची, असलं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं काळ्या मातीचा गोळा चांगला मळून घेतला आणि पंकजाला म्हणाला, "धर. पिस्तूल धरतीस तसं धर, आवळू नको." तिच्या पाचही बोटांचे ठसे मातीत उतरले. गोळा त्यानं सावलीत वाळत ठेवला.

पहिली मूठ ओल्या बाभळीची केली, ती दोन दिवसांत तडकली. दैवशालानं तुकडे चुलीत घातले आणि विचारलं, "ती पेरणीची मोडकी पाभर गोठ्यामागं पडलीय, तिचं लाकूड न्हाई का चालणार?"

पाभरीचं दिंड, म्हणजे तिचं जाड आडवं लाकूड, बाभळीचंच होतं आणि वीस वर्षं ऊन खाऊन लोखंडासारखं कडक झालं होतं. तासायचा वाकस त्यावरून उडत होता. पण लिंबाजीला असलंच लाकूड पाहिजे होतं. सकाळी पटाशीनं आतली खाच कोरायची, दुपारी कानशीनं घासायचं, आणि एक दिवसाआड एसटीनं परभणीला जायचं. तिथं सर मूठ बसवून बघायचे, पंकजा धरून बघायची.

"करंगळीपाशी जास्त झालंय, दादा."

तो ते घासून आणायचा.

"आता अंगठ्यापाशी टोचायलंय."

तो परत घासून आणायचा. एसटीचा कंडक्टरही विचारायला लागला, "झाली का मूठ?"

अकराव्या खेपेला पंकजानं मूठ धरली, डोळे मिटले, हात वर आणला आणि डोळे उघडले. नेम थेट निशाणावर होता. तिनं खाली ठेवून पुन्हा तसंच केलं. मग वळून बापाकडं पाहिलं आणि हसली. लिंबाजी बाहेर जाऊन बांधाकडं बघत बिडी ओढत बसला. त्याला फार बरं वाटत होतं.

राज्य स्पर्धा यंदा ऊसतोडीच्या आधीच, ऑगस्टात, पुण्याला होती. सर, पंकजा आणि लिंबाजी असे तिघं गेले. सोयाबीनची फवारणी दैवशालानं अंगावर घेतली, म्हणाली, "यंदा बघून या. दर साल पोरगीच टीव्हीवाल्यावानी आपल्याला फोनवर सांगायची."

स्पर्धेआधी प्रत्येकाचं पिस्तूल तपासतात हे लिंबाजीला माहीत नव्हतं. टेबलामागं चष्मा लावलेल्या एक बाई होत्या आणि त्यांच्यापुढं लोखंडी पेटी. पिस्तूल त्या पेटीत मावलं पाहिजे, असा नियम. त्यांनी पंकजाचं पिस्तूल आत ठेवलं. मागची बाजू गेली नाही. मनगटाला टेका म्हणून लिंबाजीनं तळहाताखालची कड जराशी वर वळवली होती, तीच आडवी आली.

"चालणार नाही," बाई म्हणाल्या. "शिवाय ही कड वर वळलेली चालत नाही. सपाट किंवा खाली उतरती पाहिजे."

पंकजाचा चेहरा उतरला. सरांनी घड्याळ बघितलं. "मॅडम, वेळ किती आहे?"

"तपासणी अजून पंचवीस मिनिटं चालू आहे."

लिंबाजीनं पिशवीत हात घातला. कानस आणि पॉलिशपेपर त्यानं सवयीनंच बरोबर घेतले होते. सरांनी तिथंच मूठ सोडवून दिली. लिंबाजी बाहेर पायरीवर बसला, धोतराच्या सोग्यावर मूठ ठेवली आणि घासायला लागला. रंगीबेरंगी जर्किनातली पोरं-पोरी येता-जाता थबकून बघत होती. त्याला कुणाचंच भान नव्हतं. आपणच हौसेनं चढवलेली कड आता पोरीच्या आड आली, हे त्याला खात होतं. पण घाई केली तर जास्त जाईल, म्हणून हात सावकाशच चालवला. दोन केसांएवढं, मग आणखी एक.

बाईंनी पुन्हा पेटीत ठेवलं. पिस्तूल अलगद आत बसलं. त्यांनी पट्टी लावून कड तपासली, हिरवं लेबल चिकटवलं आणि चष्म्यावरून लिंबाजीकडं बघितलं. "हे तुम्ही घरी केलंय?"

"घरीच. पाभरीचं लाकूड हाय."

"पाभर म्हणजे?"

"पेरायचं औत असतंय, बाई."

सावकाशच्या गोळ्यांत पंकजाला तीनशेपैकी दोनशे एक्क्याऐंशी मिळाले. टेका गेल्यामुळं पहिल्या दहा गोळ्या हात नवखा वागला, मग रुळला. दुपारी घाईच्या गोळ्या. लिंबाजी प्रेक्षकांत पुढं सरकून बसला. निशाण वळायचं, पोरीचा हात वर जायचा, एक आवाज, हात खाली. तिच्या शेजारच्या मुलीचं पिस्तूल मध्येच अडकलं, तिनं हात वर करून पंचांना बोलावलं. पंकजाचं थांबलं नाही. ती बोटं सरकवत नव्हती, अंगठा चोळत नव्हती. तीसच्या तीस गोळ्या अशा गेल्या, जणू तिच्या हातात काही नव्हतंच. दोनशे अठ्ठ्याऐंशी.

बेरीज पाचशे एकोणसत्तर. आजवरच्या तिच्या सगळ्यात चांगल्या खेळाहून अकरा जास्त.

"कितवी आली?" लिंबाजीनं सरांना विचारलं.

"सहावी. राज्यापुढच्या स्पर्धेला निवड झाली."

लिंबाजीनं थोडा विचार केला. "पुढं पाच हायत. आन् मागं?"

"त्र्याऐंशी."

हा आकडा त्याला पटला. पंकजा बाहेर आली ती घामानं भिजलेली, हसऱ्या चेहऱ्यानं. पिस्तूल पेटीत घालून कुलूप लावेपर्यंत तिला धीर नव्हता. मग तिनं आईला फोन लावला आणि बापाच्या हातात दिला. "तुमीच सांगा आज."

लिंबाजीनं फोन कानाला लावला. पलीकडून फवारणीच्या पंपाचा आवाज येत होता.

"दैवशाला," तो म्हणाला, "तू बघायला पाहिजे होतंस. पोरगी नुसती उभी राहती, तर समदे गप होत्यात."

"बरं," दैवशाला म्हणाली, आणि पंप बंद झाला. "मंग पुढच्या येळंला मी जाते. तुमी फवारा."

पंकजा हसत कँटीनकडं निघाली होती. सर तिघांचं जेवण सांगत होते. "हां, जा की तू," लिंबाजी फोनमध्ये म्हणाला, आणि पोरीच्या मागं चालायला लागला.