चिमूटभर वाघ

कोणी मानणार नाही, पण वाघाच्या धाकानं माणसाचं डोकं ताजं राहतं, असं मुखरूचं म्हणणं होतं. पुरावा म्हणजे त्याची बायको मंगली. जन्मभर ती झुंजुमुंजू व्हायच्या आत मोहफुलं वेचायला रानात गेली. वेचता वेचता मान वर, पान वाजलं की कान उभे, लांबच्या बायांना मधूनच एक ‘कूऽ’. तोवर गावातल्या कोणत्या बकरीची आजी कोण, तेही तिला पाठ होतं. मग शेजारच्या गावात वाघानं एक बाई नेली आणि घरच्यांनी मंगलीचं रान बंद केलं. ती टीव्हीसमोर बसली. बसता बसता भाजीत दोनदा मीठ पडायला लागलं, आणि सुनेला, दिव्यानीला, ती मेलेल्या बहिणीच्या नावानं हाका मारू लागली.

नागभीडच्या आरोग्य शिबिरात तिला दाखवलं, तेव्हा दिव्यानीसमोरच मुखरूनं डॉक्टरीणबाईंना आपला शोध ऐकवला. बाई हसल्या नाहीत.

“अगदीच खोटं नाही आजोबा. थोडा ताण, थोडी धडधड मेंदूला बळकट करत असावी, असं दिसतंय. पण बरंचसं उंदरांवर पाहिलेलं. आणि थोडाच हं. मिठासारखं. चिमूट ठीक, मूठ झाली की नासाडी.”

मुखरूनं ‘बळकट’पर्यंतच ऐकलं. पुढचं त्याच्या कानावरून गेलं.

घरी आल्यावर त्यानं औषध सुरू केलं. आधी तिची टोपली माळ्यावर लपवली. मंगली सकाळभर शोधत, शिव्या देत फिरली, शेवटी शिडी लावून तिनं टोपली काढली. त्या दिवशी भाजी नीट झाली. मुखरूला वाटलं, गुण येतोय. एवढ्याशा धाकानं एवढा गुण, तर मोठ्या धाकानं किती!

मग त्यानं न्हाणीमागच्या ओल्या चिखलात हाताचा तळवा दाबला, पुढं अंगठ्यानं चार खळगे केले. वाघाचा पंजा असा हुबेहूब उठला की क्षणभर तोच दचकला.

मंगली तांब्या घेऊन गेली, ती परत येईना. दिव्यानी पाहायला गेली, तर सासू भिंतीला पाठ लावून खाली बसलेली, लुगडं ओलं, ओठ हलताहेत पण आवाज नाही. घरात आणलं तर तिनं दाराचा खांब सोडला नाही. जेवली नाही. संध्याकाळी मुखरू पाण्याचा गिलास घेऊन जवळ बसला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, परक्या माणसाकडे पाहावं तसं, आणि सुनेला हळूच विचारलं, “हा बुढा कोणाचा होय व? जेवला का तो?”

सबंध पंचक्रोशीला थापा मारून नाचवणाऱ्या मुखरूनं गिलास तसाच खाली ठेवला.

दिव्यानीनं त्याची बोटं पाहिली. नखांत चिखल होता.

“मामाजी, तो पंजा तुम्ही काढला?”

“थोडीशी भीती देऊन राह्यलो होतो व...”

“हे थोडीशी होय? शिबिरातली डॉक्टरीणबाई चिमूट म्हणे, तुम्ही पोतंच उलटं केलं!” तिनं सासूकडे पाहिलं. “आता ह्याईले काही झालं तं कोणाले विचारू मी?”

तिनं जाऊन पंजा पायानं पुसला. मुखरू तिच्या मागं उभा राहिला, मान खाली घालून. रात्री तो खांबाशीच निजला. मंगलीनं त्याला हाकललं नाही, ओळखलंही नाही.

चार-पाच दिवसांनी ती दारापर्यंत यायला लागली. बोलणं मात्र तुटकच. तेव्हा दिव्यानीनंच ठरवलं: रानात नाही, बांधावरच्या मोहाखाली, पहाटे नाही, चांगली उन्हं आल्यावर, आणि शेजारच्या बाया सोबत. मंगलीला टोपली दिली. झाडाखाली तिनं चहूकडे पाहिलं. एका बाईनं ‘कूऽ’ घातली. मंगलीनं उत्तर दिलं नाही, पण वाकली आणि एक फूल उचललं. मग दुसरं.

मुखरूला गप्प बसवेना. बांधावर बसून त्यानं बायांना सांगायला घेतलं, डोळा मंगलीवर ठेवून.

“याच झाडाखाली जी, पट्टेवाला आला. बैलाएवढा! मंगली झाडावर चढून बसली. मी हिची खाली पडलेली टोपली घेतली, अन् हाणली त्याच्या थोबाडावर. वाघ मांजरासारखा लोळला. मग शेल्यानं बांधला त्याले, अन् मोहाचं पोतं त्याच्याच पाठीवर लादून घरी आणलं!”

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मंगली वेचतच होती. मुखरूचा आवाज बारीक झाला.

“अन् जाताना वाघ म्हणे, मुखरूभाऊ, येतो...”

मंगली ताठ उभी राहिली. टोपली कमरेला लावली.

“काऊन झूट बोलता जी? झाडावर तुम्ही चढले होते, मी खाली होती. अन् वाघ कुठचा? शेजारच्या भैयाजीचा गोऱ्हा होता तो, कानाले पिवळा बिल्ला!”