बोट लावायचं नाही

सुप्याच्या एमआयडीसीत मच्छिंद्रला सगळे ‘रिजेक्ट मास्तर’ म्हणत. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तो तपासणीला होता, आणि हातात आलेल्या वस्तूत खोट सापडली नाही तर त्याला चुकल्याचुकल्यासारखं होई. घरीही तेच. ज्योतीने, म्हणजे त्याच्या बायकोने, आणलेली वांगी तो एकेक फिरवून बघे. या माणसाने आपल्याला पास कसं केलं, याचं तिला लग्नाला इतकी वर्षं झाली तरी नवल वाटे.

नाण्यांचा नाद त्याच्या या स्वभावाला शोभणाराच होता. बाजारात फिरणारी नाणी नव्हेत, खास संग्रहासाठी पाडलेली, प्रूफ म्हणतात ती. आरशासारखी लखलखीत पाठ आणि तिच्यावर दुधाळ रंगाचं उठावदार चित्र. नाणं गोल पारदर्शक डबीत, डबी मखमली पेटीत, पेटी पुठ्ठ्याच्या खोक्यात. अशा नाण्याला बोट लावायचं नसतं. घामाचा ठसा त्या आरशावर बसला की बसला, आणि पुसायला जावं तर ओरखडे उठतात. मच्छिंद्र हे येईल त्याला सांगे, कुणी विचारलं नसलं तरी.

अहिल्यादेवींचं नाणं निघाल्याची बातमी मात्र त्याच्या आधी त्याच्या वडिलांना लागली. सूर्यभान आबा मूळचे खर्ड्याचे. डोळे शाबूत होते तोवर दर जयंतीला देवींच्या जन्मगावी, चौंडीला जाऊन येत, एसटी मिळाली तर एसटीने, नाहीतर पायी. काचबिंदूने दोन्ही डोळे नेले, मच्छिंद्रने त्यांना सुप्याला आणलं, आणि चौंडी सुटली. आता दिवसभर रेडिओ कानाशी.

“मच्छिंद्रा, त्या नान्यावर देवींचं तोंड हाय म्हनं.”

“हाय, आबा.”

“उठून हाय का नुसतं रंगवल्यालं?”

“चांगलं उठून हाय.”

“मंग मला दिसंल,” आबा म्हणाले.

आबांना सगळं बोटांनीच दिसे. तांदळातला खडा, भाकरीची करपलेली कड, सुनेच्या अंगातला ताप. मच्छिंद्र कामावरून आला की त्याच्या तोंडावरून हात फिरवून ते सांगत, “आज कुनाशी तरी वाजलंय तुझं.” आणि खरंच वाजलेलं असे. म्हातारा मागतोय तर प्रूफच मागवायचं, साधं नको, असं मच्छिंद्रने ठरवलं. वडिलांना द्यायची वस्तू एक नंबर हवी. त्याची माया होती ती अशी, तपासणीतून पास होऊन येणारी.

पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून पार्सल आलं तेव्हा आबांनी मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, धोतराला पुसले आणि प्रसाद घेताना बसतात तसे ओंजळ करून बसले. मच्छिंद्रने मोबाईलवर चित्रीकरण चालू करून खोकं फोडलं. आतली पेटी पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत नुसती कोंबलेली, एक कोपरा चेपलेला. पेटी हलवली तर आत डबी खुळखुळली.

“वाजतंय,” आबा हसून म्हणाले. “दे हिकडं.”

“थांबा.” मच्छिंद्र भिंग घेऊन खिडकीशी गेला. डबीवर ओरखडा होता, आणि देवींच्या पदराजवळ राईएवढा पांढरा डाग. “आबा, ह्ये परत धाडावं लागंल.”

“धाड की. पर तवर जरा हाताला लागू दे.”

“बोट लागलं तर परत घेत न्हाईत. डबी उघडल्यालीसुद्धा चालत न्हाई.”

ओंजळ तशीच राहिली थोडा वेळ. मग आबांनी हात मांडीवर घेतले.

व्यापाऱ्याशी फोनवर भांडण झालं. तो म्हणे, वरून जसं येतं तसं आम्ही पाठवतो, डाग डोळ्याला दिसतही नाही साहेब. मच्छिंद्र म्हणाला, मला दिसतो. शेवटी बदलून मिळालं. दुसऱ्या खेपेला पॅकिंग झकास, फुगे फुगे असलेल्या प्लॅस्टिकचे चांगले वेढे दिलेले, पण डबीच्या आत, नाण्यावरच, कसलासा बारीक धागा अडकला होता. आबांनी हात धुतले होतेच. तेही नाणं गेलं परत. मधल्या दिवसांत आबा रोज विचारत, आलं का रं? त्यांचा दम वाढला होता, चार शब्दांत दोनदा थांबावं लागे.

तिसरं आलं ते निखोट होतं. मच्छिंद्रने भिंगातून उलटंसुलटं पाहिलं, कड पाहिली, डबीचा सांधा पाहिला. काही नाही. असं नाणं त्याच्या हाती याआधी आलं नव्हतं. त्याचा चेहरा असा उजळला की ज्योती चुलीपुढची उठून बघायला आली. त्याने डबी आबांच्या ओंजळीत ठेवली.

आबांनी ती वरून चाचपली, खालून चाचपली. नख लावून बघितलं. “ह्ये तर प्लॅस्टिक हाय.”

“आत हाय नानं. डबीत.”

“मंग काढ.”

मच्छिंद्र घुटमळला. “आबा, ह्ये लई चांगलं आलंय. असं पुन्हा येत न्हाई. बोट लागलं की गेलं ते.”

आबांनी डबी पुढे केली. “खराब हुतं तवा खराब म्हनून न्हाई,” ते म्हणाले, “आन् आता चांगलं हाय तर चांगलं म्हनून न्हाई. ठिव बाबा. नीट ठिव.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मच्छिंद्रने उलट भांडून तरी घेतलं असतं. त्याने पेटी कपाटात ठेवली, आणि ज्योती आत येऊन पुटपुटली, “अहो, द्या की हातात. उठला ठसा तर उठला. कोन बघायला येनार हाय?”

“आबांसाठी दुसरं मागवतो. साधं. ते घेऊन बसू दे दिवसभर.”

हे त्याने मनापासून म्हटलं होतं. पगार झाला की मागवणारही होता. पण आबांचा दम तोवर पुरला नाही. एका सकाळी ज्योती चहा घेऊन गेली तर ते भिंतीला टेकून बसलेले, रेडिओ चालूच, आणि हाक मारली तर ओ नाही.

खर्ड्याहून आबांची बहीण, लंकाबाई आत्या आली. नात्यातली माणसं जमली. आंघोळ घातली, अंग कोरडं केलं, नवं धोतर नेसवलं. आत्याने कपाळाला कुंकू लावलं आणि हात मागे केला. “रुपया आन रं, मच्छिंद्रा. कपाळाला लावायला.”

गेलेल्याच्या कपाळावर नाणं चिकटवतात, त्यांच्याकडची रीतच ती. मच्छिंद्र उठला, कपाटापाशी गेला आणि परत आला तो पेटी घेऊन. डबी फार घट्ट होती. त्याने दातांनी उघडली. इतके दिवस ज्या सांध्यावर त्याने श्वाससुद्धा पडू दिला नव्हता, तो कडकन तुटला.

“ह्ये कशाला? ह्ये भारीतलं दिसतंय,” आत्या म्हणाली. “साधा दे.”

ज्योतीने डब्यातला रुपया काढून दिला, तो कपाळाला लागला. मच्छिंद्रचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याने आबांचा उजवा हात उचलून मांडीवर घेतला होता. बोटं अजून पुरती ताठली नव्हती. त्याने त्यांची तर्जनी देवींच्या तोंडावरून फिरवली, कपाळावरून, पदराच्या काठावरून, आबा त्याच्या तोंडावरून फिरवत तशीच सावकाश. “ह्ये बघा, आबा. उठून हाय.”

मग चित्राच्या बाजूला, नाण्याच्या आरशासारख्या पाठीवर ते बोट दाबून धरलं आणि नाणं दाराच्या उजेडाकडे वळवलं.

आरसा स्वच्छ होता. त्याने पुन्हा दाबलं, या वेळी जोर देऊन. पुन्हा पाहिलं. मेलेल्या माणसाच्या बोटाला घाम नसतो, हे कुठल्याच तपासणीत त्याला शिकवलेलं नव्हतं. कडेला एकच ठसा होता, ठसठशीत, रेघारेघांचा. तो त्याच्या स्वतःच्या अंगठ्याचा.

“काय बघतुयास रं?” आत्याने विचारलं.

“उठंना,” तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. “आत्या, काईच उठंना.”

बाहेर माणसं खोळंबली होती. ज्योतीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आत्याने आबांचा हात त्याच्याकडून सोडवायला घेतला, तर तो सोडेना. ते बोट त्याने अजून एकदा नाण्यावर दाबून धरलं होतं.